कावळा, फांदी आणि अवकाशातली दुर्बीण

खगोलशास्त्रज्ञ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. डोंगरमाथ्यावरची वेधशाळा, काळोखी रात्र, अंगावर घोंगडी, दुर्बिणीला लावलेला डोळा आणि पहाटे 'सापडला!' म्हणून मारलेली आरोळी. चित्र मोठे रम्य आहे, पण आता ते फारसे खरे राहिलेले नाही. आपल्या पुण्यात, गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही संस्था आहे. तिथे अवकाशातल्या दुर्बिणीसाठी काम करणारी काही मंडळी आहेत. ती दिवसाउजेडी कामाला येतात, संगणकापुढे बसतात आणि संध्याकाळी घरी जातात. ज्या दुर्बिणीसाठी ती राबतात ती उडाल्यापासून त्यांच्यापैकी कोणाच्याही दृष्टीस पडलेली नाही, आणि यापुढेही कधी पडणार नाही.

माझा मुख्य विषय तत्त्वज्ञान. तेव्हा विज्ञानावरचा लेख कलाशाखेच्या अंकात कशाला, असा प्रश्न संपादक मंडळींनी विचारलाच. आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला सर 'काकतालीय न्याय' शिकवीत होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली म्हणून कावळ्याच्या भाराने फांदी तुटली असे होत नाही, हे आपल्याला आजीच्या मांडीवरच कळलेले असते. परंतु फांदी कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असेल आणि कावळाही दिसत नसेल, तर ते ठरवायचे कसे? हा प्रश्न खराखुरा उपस्थित झाला होता, आणि त्याचे उत्तर देण्यात पुण्याचा वाटा होता. तो प्रसंग पुढे सांगतेच. आधी थोडी पूर्वपीठिका.

पहिली शंका अशी की दुर्बीण वर पाठवायचीच कशाला? नारायणगावजवळ खोडदला, पुण्याहून एस.टी.ने दोन-अडीच तासांवर, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहेच की. ती जमिनीवर चालते, कारण रेडिओ लहरी वातावरणातून सुखरूप खाली उतरतात. क्ष-किरणांचे तसे नाही. ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण आणि बरेचसे अतिनील किरण हवेच्या वरच्या थरांतच शोषले जातात. आपल्या कातडीच्या दृष्टीने ही मोठीच कृपा. पण कृष्णविवराभोवती घोटाळणारा तप्त वायू किंवा मृत ताऱ्याचा उरलेला गाभा बोलतो तो मुख्यतः याच किरणांच्या भाषेत. ती ऐकायची तर हवेच्या वर जाण्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणून २८ सप्टेंबर २०१५ रोजी सकाळी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही अग्निबाणाने 'ॲस्ट्रोसॅट' हा सुमारे दीड टन वजनाचा उपग्रह वर नेला. खगोलशास्त्राला वाहिलेली भारताची ही पहिली अवकाश वेधशाळा. ती पृथ्वीपासून ६५० किलोमीटर उंचीवरून, विषुववृत्ताशी जेमतेम सहा अंशांचा कोन करून फिरते आणि दीड तासाहून थोड्या अधिक वेळात एक प्रदक्षिणा पुरी करते. तिच्यावर पाच उपकरणे बसवली. अतिनील किरणांची जोड-दुर्बीण, क्ष-किरणांची तीन वेगवेगळ्या जातींची उपकरणे, आणि आकाशावर सतत नजर फिरवणारा एक पहारेकरी. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, इस्रो आणि पुण्याची आयुका अशा अनेकांनी मिळून ती घडवली. कॅनडा आणि इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाचेही हात लागले. उपग्रहाचे आयुष्य पाच वर्षे धरले होते. २०२५ च्या सप्टेंबरात त्याला दहा वर्षे पूर्ण झाली.

बातमी इथे संपते. उड्डाणाचे छायाचित्र छापून येते, टाळ्या वाजतात आणि वर्तमानपत्र दुसऱ्या विषयाकडे वळते. काम मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होते.

हे काम समजून घ्यायचे तर अवकाश दुर्बिणीला गावची एकुलती एक विहीर समजा. पाणी सर्वांना हवे, पोहरा एकच. कोणी, कधी आणि किती वेळ उपसायचे, याची व्यवस्था लावावी लागते. सुरुवातीचा काळ उपकरणांची परीक्षा घेण्यात गेला, काही काळ ती घडवणाऱ्यांच्या हक्काचा होता. त्यानंतर ही वेधशाळा देशातल्या सर्व संशोधकांना खुली झाली. ज्याला वेध घ्यायचा असेल त्याने अर्ज करायचा. हा अर्ज म्हणजे एक आटोपशीर निबंधच असतो. मला कोणता तारा पाहायचा आहे, का पाहायचा आहे, इतरांनी तो पाहिलेला असताना मी नवीन काय पाहणार, आणि त्याला इतकाच वेळ का लागेल, हे मोजक्या पानांत परीक्षकांना पटवून द्यायचे. आपण निबंध लिहितो तो गुणांसाठी. इथे चांगल्या निबंधाचे बक्षीस म्हणजे काही तासांचे आकाश!

पण अर्ज मंजूर झाला म्हणून दुर्बीण तिकडे वळवता येतेच असे नाही. सूर्य त्या दिशेच्या फार जवळ तर नाही ना? मध्ये पृथ्वी किती वेळ आडवी येणार? अतिनील दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात एखादा फार तेजस्वी तारा नाही ना? हा शेवटचा प्रश्न तर जिवाचाच. ही दुर्बीण प्रकाशाचा एकेक कण मोजण्याइतकी नाजूक असल्यामुळे प्रखर ताऱ्याकडे नुसते पाहिल्यानेही तिला इजा पोहोचू शकते. विद्यापीठातल्या एखाद्या प्राध्यापकाला किंवा नवख्या संशोधक विद्यार्थिनीला हे सगळे कुठून ठाऊक असणार? यासाठीच इस्रो आणि आयुका यांनी मिळून पुण्यात ॲस्ट्रोसॅटचा साहाय्य कक्ष उभारला. अर्ज कसा लिहावा, वेळेचा हिशेब कसा करावा, हाती आलेली माहिती कोणत्या आज्ञावलीतून कशी पार करावी, हे तिथे शिकवतात, शंकांची उत्तरे देतात, ठिकठिकाणच्या विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा घेतात. शोध लागतो तेव्हा निबंधावर नाव छापले जाते ते अर्जदाराचे. मदत करणाऱ्याचे झालेच तर शेवटच्या परिच्छेदात, ऋणनिर्देशात. लग्नात पंगत वाढणाऱ्यांचे फोटो कोणी काढत नाही, त्यातलाच हा प्रकार. मला स्वतःला ही माणसे फार मोलाची वाटतात.

आता या धंद्याच्या गाभ्याकडे येते. उपग्रहाने टिपलेली माहिती बंगळूरजवळच्या ब्यालालू येथील केंद्रात उतरते आणि तिथून ज्या त्या उपकरणाची देखभाल करणाऱ्या संस्थेकडे जाते. पाचांपैकी एका उपकरणाच्या, म्हणजे कठीण क्ष-किरण टिपणाऱ्या सीझेडटीआयच्या, कामकाजाचे केंद्र आयुकात आहे. कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियम यांच्या स्फटिकांचे हे उपकरण. नावातली अक्षरेही त्यावरूनच आली. त्यात ६४ तुकडे, प्रत्येकात २५६ घरे, म्हणजे एकूण १६,३८४ घरे. एखाद्या घरावर क्ष-किरणाचा कण आदळला की त्याची वेळ, जागा आणि ऊर्जा नोंदली जाते. गणेशखिंडीत पोहोचते ते चित्र नव्हे, तर अशा लक्षावधी नोंदींचे बाड.

मग चित्र कसे मिळते? इतके भेदक किरण साध्या भिंगाने वा आरशाने एकत्र आणणे अवघड. म्हणून घरांच्या वरच्या बाजूला टँटलम धातूची, मुद्दाम विशिष्ट नक्षीत भोके पाडलेली जाळी बसवली आहे. शनिवार-सदाशिवातल्या जुन्या वाड्यांत खिडकीला लाकडी जाळी असे. सकाळी तिची सावली एका भिंतीवर पडे, दुपारी सरकत जमिनीवर येई. सूर्याकडे न पाहताही नुसत्या सावलीवरून तो कुठे आहे ते घरातली बाई सांगत असे. इथेही तेच. जाळीची सावली कोणत्या घरांवर पडली यावरून तारा कोणत्या दिशेला आहे ते गणिताने काढतात.

पण सोळा हजार घरांपैकी काही घरे खोटे बोलतात! काहींना काही दिसले नाही तरी ती 'आला, आला' म्हणून ओरडत राहतात. शिवाय अवकाशातून एखादा जोरकस विश्वकिरण उपकरणात घुसला की तो निमिषार्धात पुष्कळ घरे एकदम पेटवतो, आणि जणू कोठे मोठा स्फोट झाला असा भास होतो. दक्षिण अटलांटिक महासागरावर एक टापू असा आहे की तिथे विद्युतभारित कणांची गर्दी खूप खाली उतरते. त्यावरून जाताना उपकरणाने डोळे मिटूनच घ्यावे लागतात. उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताच्या इतकी जवळ ठेवली तीही या टापूचा उपद्रव कमी व्हावा म्हणूनच. पुण्यातल्या शास्त्रज्ञाच्या कामाचा मोठा भाग म्हणजे तांदूळ निवडणे. खोटी घरे वगळायची, विश्वकिरणांचे झुबके काढून टाकायचे, डोळे मिटल्याचा काळ वजा करायचा. मग जे उरेल ते कदाचित आकाशाचे असेल.

आमच्या अभ्यासातले कुमारिल भट्ट मला इथे आठवले. ज्ञान हे स्वतः प्रमाण मानावे, मात्र दोन गोष्टींनी ते बाधित होते असे मीमांसक सांगतात: एक, त्याच्या विरुद्ध जाणारे दुसरे ज्ञान, आणि दोन, ते ज्या कारणांपासून उपजले त्यांतला दोष ध्यानात येणे. परीक्षेपुरते आम्ही हे पाठ केले होते. कोणी माणसे दररोज दहा ते पाच हेच करीत असतील, याची मला कल्पना नव्हती.

या उपकरणाची एक गंमत अशी की शंभर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पलीकडच्या ऊर्जेच्या किरणांना त्याची जाळी आणि बाजूच्या भिंती जवळजवळ पारदर्शक होतात. म्हणजे ते समोर पाहत असले तरी आजूबाजूच्या मोठ्या आकाशातला स्फोट त्याला जाणवतो. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी ते प्रथम सुरू केले, आणि त्याच दिवशी, ते पाहत होते त्या दिशेपासून सुमारे साठ अंश दूर झालेला गॅमा किरणांचा एक स्फोट त्याने नोंदवला. असे स्फोट प्रचंड तारे कोसळताना किंवा मृत ताऱ्यांची टक्कर होताना घडतात. पुढे असे स्फोट टिपणे हे त्याचे नित्यकर्म झाले. २०२२ च्या नोव्हेंबरात त्यांची संख्या पाचशेवर पोहोचल्याचे जाहीर झाले.

आता तो कावळ्याचा प्रसंग.

४ जानेवारी २०१७ रोजी आपल्याकडे दुपारी पावणेचारच्या सुमारास अमेरिकेतल्या लायगोच्या दोन्ही यंत्रांना गुरुत्वलहर जाणवली. सुमारे ३०० कोटी प्रकाशवर्षांवर सूर्याच्या अंदाजे ३१ पट आणि १९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. लायगोला धक्का जाणवतो, पण दिशा नेमकी कळत नाही. आकाशाचा हजाराहून अधिक चौरस अंशांचा पट्टा तेवढा हाती आला. जगभरच्या वेधशाळा त्या पट्ट्यात प्रकाश शोधू लागल्या. वास्तविक दोन कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश बाहेर पडावा अशी अपेक्षा नसते, कारण तिथे उजळायला सहसा काही नसतेच. म्हणूनच तो दिसला असता तर सिद्धान्तांची फेरमांडणी करावी लागली असती.

आणि दिसला! हवाई बेटांवरच्या 'ॲटलास' दुर्बिणीला दुसऱ्या दिवशी त्याच पट्ट्यात, झपाट्याने मंदावत जाणारा एक प्रकाशबिंदू आढळला. जागा जुळली, वेळही जवळपास जुळली. शास्त्रज्ञ झाला तरी तोही माणूसच. अशा वेळी त्याचे मन काय म्हणत असेल ते सांगायला नको.

ॲस्ट्रोसॅटच्या नोंदी तपासल्या गेल्या. गुरुत्वलहरीच्या क्षणी त्या पट्ट्याचा सुमारे अर्धा भाग सीझेडटीआयच्या नजरेत होता. उरलेला आड होता. त्या क्षणी उपकरणाला काहीही दिसलेले नव्हते. 'दिसले नाही' हेही एक उत्तरच, पण अर्धेच. मात्र नोंदी पुढे चाळता वीस-एकवीस तासांनंतर, ५ जानेवारीला, गॅमा किरणांचा एक स्फोट स्वच्छ उमटलेला सापडला. इतर उपग्रहांनीही तो टिपला होता. आता दुसऱ्या टोकाने हिशेब सुरू झाला. मंदावत जाणारा तो प्रकाशबिंदू ज्या गतीने विझत होता त्यावरून मागे मोजत गेले, तर तो पेटला कधी ते काढता येते. वाण्याच्या दुकानातली उदबत्ती किती जळली यावरून दुकान केव्हा उघडले ते सांगावे, तसे. हा हिशेब ४ तारखेच्या कृष्णविवरांशी जुळेना. ५ तारखेच्या स्फोटाशी जुळला. प्रकाशबिंदू होता त्या स्फोटाचा मागे रेंगाळलेला उजेड. कृष्णविवरांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. कावळा वेगळा, फांदी वेगळी, दोघांची गाठ निव्वळ योगायोगाची!

या शोधनिबंधाचे पहिले लेखक वरुण भालेराव. आयुकाचे दीपंकर भट्टाचार्य आणि देशोदेशींचे अनेक संशोधक सहलेखक होते. शोध कसला, तर काही तरी नव्हते याचा. अशा शोधाला हार-तुरे मिळत नाहीत. पण कल्पना करा, तो उपग्रह त्या दिवशी नसता किंवा नोंदींतले तांदूळ नीट निवडलेले नसते, तर कदाचित एक सुंदर चूक पाठ्यपुस्तकांच्या दारापर्यंत जाऊन पोहोचली असती.

'आहे' म्हणणेही इतकेच कष्टाचे असते. आयुकाचे कनक साहा आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ च्या ऑक्टोबरात अतिनील दुर्बिणीने आकाशाच्या एका लहानशा तुकड्याकडे अठ्ठावीस तासांहून अधिक वेळ पाहिले. त्यात ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेकडून अतितीव्र अतिनील प्रकाश येतो आहे असे दिसले. हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा, आपल्या दुर्बिणीचा ३८ सेंटिमीटरचा. मोठ्याला न दिसलेले धाकट्याला दिसले असे म्हणायचे तर पुरावा भक्कम हवा. आपल्या उपकरणाचा स्वतःचा कोलाहल हबलपेक्षा पुष्कळ कमी, हे त्यामागचे कारण. शांत खोलीत कुजबुजही ऐकू येते. पण हा प्रकाश खरोखर त्या दीर्घिकेचाच, शेजारच्या कोणाचा नव्हे आणि उपकरणाचा भासही नव्हे, याची खात्री करण्यात जवळजवळ दोन वर्षे गेली. निबंध छापून आला २०२० च्या ऑगस्टमध्ये. अठ्ठावीस तास पाहायला, दोन वर्षे शंका घ्यायला. हे प्रमाण मला पाहिल्यापेक्षा थोर वाटते.

या कामात दुःखेही असतात. अतिनील जोड-दुर्बिणीची एक शाखा २०१८ मध्ये मुकी झाली. हबलचा दोष निघाला तेव्हा १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन तो दुरुस्त केला. ॲस्ट्रोसॅटकडे कोणी पाना-पकड घेऊन जाणार नव्हते. मग त्या शाखेवर भिस्त ठेवून आखलेले वेध बदलायचे, राहिलेल्या शाखेतून काय साधेल ते पाहायचे, एवढेच हाती उरते. घरातले माणूस एका कानाने ऐकेनासे झाले की आपण दुसऱ्या बाजूला बसून बोलतो, तसेच म्हणायचे.

विज्ञान दिनानिमित्त आयुकाचे आवार सर्वांना खुले झाले तेव्हा मी तिथे गेले होते. चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या त्या वास्तूच्या मधल्या कुंडात आर्यभटाचाही पुतळा आहे. जवळच लहान मुलांसाठी विज्ञान शोधिका आहे, ती पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली आणि इमारतीचे नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतला एक ऋषी, आणि त्याच्या पोटात पु. ल.! संस्थेचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर हे मराठी विज्ञानकथालेखक आणि साहित्य संमेलनाचे अध्यक्षही होते, तेव्हा असे नाव तिथे शोभतेच. सांगण्याचा मुद्दा इतकाच की ते दार कलाशाखेच्या माणसालाही बंद नाही. आणि दुर्बिणीच्या जुन्या नोंदीही २०१८ पासून खुल्या आहेत. अर्जदाराच्या हक्काची ठरावीक मुदत संपली की त्या कोणालाही मागता येतात.

शेवटी त्याच वर्षाच्या आणखी एका दिवसाबद्दल. १७ ऑगस्ट २०१७ रोजी लायगोला पुन्हा लहर जाणवली. या वेळी विलीन झाले होते ते दोन न्यूट्रॉन तारे, आणि तेही केवळ १३ कोटी प्रकाशवर्षांवर. दोन सेकंदांच्या आत अमेरिकेच्या फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांची चमक टिपली. या खेपेस कावळ्याच्याच भाराने फांदी तुटली होती. जगातल्या सत्तरएक वेधशाळा तिकडे वळल्या. ज्या घटनेसाठी सीझेडटीआयसारखे उपकरण जन्माला यावे तीच ही घटना. परंतु त्या क्षणी ॲस्ट्रोसॅट आणि ते तारे यांच्या मध्ये पृथ्वी आडवी आली होती. उपकरणात काहीच उमटले नाही. त्या गप्प राहण्याचाही पुढे उपयोग केला गेला. एवढी चमक ज्याअर्थी याला दिसली नाही त्याअर्थी ती पृथ्वीआडच्या आकाशातली असली पाहिजे, असे अनुमान करून शोधाचे क्षेत्र आकुंचित करता आले. तरीही रुखरुख राहिलीच असणार. मुंबईच्या आयआयटीच्या पुढाकाराने, आयुकाही ज्यात सहभागी आहे असा, नव्या मोहिमेचा प्रस्ताव मांडला गेला आहे. तिचे नाव 'दक्ष'. त्यात उपग्रह दोन असावेत, पृथ्वीच्या दोन विरुद्ध अंगांना, म्हणजे एकाच्या आड पृथ्वी आली तरी दुसरा पाहत असेल.

– तृतीय वर्ष कला (तत्त्वज्ञान)